शंकेचा रकाना

माझा स्वभाव तापट. घरचे म्हणायचे, हिच्या हातात लाल पेन दिलं की समोरच्याचं काही खरं नाही! आणि खोटं काय त्यात?

ऐंशीच्या दशकात आम्ही वाशीला नव्या सोसायटीत राहायला आलो. तेव्हा मी कॉलेजात गणित शिकवायची आणि एका पत्रद्वारा अभ्यासक्रमासाठी कॅलक्युलसचे पाठही लिहीत असे. शिकणारे बहुतेक गावोगावचे प्राथमिक शिक्षक, पुढे मोठ्या वर्गांना गणित शिकवायची हौस असलेले. त्यांच्या चार उत्तरपत्रिका पोस्टाने यायच्या, तपासून मी परत धाडायची. चारही आल्या तरच परीक्षेला बसता येई. प्रत्येक पत्रिकेच्या शेवटी शंकांसाठी एक रकाना होता.

उरणजवळच्या मोरा बंदरातल्या एका शिक्षिकेच्या त्या रकान्यात कायम दोनच शब्द असत, 'शंका नाही'. अक्षर मोत्यासारखं. तिसऱ्या पत्रिकेत मात्र बाईसाहेबांनी कहर केला. dy/dx दिसलं की वरचा d आणि खालचा d कापून टाकायचा, उरलं y/x! एक नाही, दहाही गणितांत. माझं डोकंच फिरलं. मी लाल पेनने लिहिलं, 'वर्गातल्या मुलांना हेच शिकवणार का?' आणि पाकीट पोस्टात टाकून मोकळी झाले.

चौथी पत्रिका आलीच नाही. बाकी सगळ्यांच्या आल्या, मुदत शनिवारी संपणार होती. रोज पत्रपेटी उघडायची आणि मला माझंच वाक्य आठवायचं. शेवटी गुरुवारी सुट्टी टाकली आणि सकाळीच उरणची एसटी धरली.

जेट्टीजवळच घर सापडलं. अंगणात तिची आई बोंबील वाळत घालत होती, दुपारची शाळा म्हणून तीही घरीच होती. मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला.

"बाई, मी नाव काढून घेनार हाय. तुमीच लिवलंय ना, मी काय शिकवनार म्हनून."

"अगं, पण d कापायचा असतो का कधी?"

ती आत गेली आणि माझा छापील पाठ घेऊन आली. "ह्यात कुठं लिवलंय, कापू नका म्हनून? वर एक, खाली एक. अपूर्णांकात आमी कापतोच की."

मी पानं उलटली. खरंच कुठे नव्हतं. वर्गात मी फळ्यासमोर उभी राहून दहादा सांगायची, हे एकच चिन्ह आहे, बदलाचा वेग दाखवणारं, तोडायचं नाही. कागदावर लिहायचं राहूनच गेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चूक माझी आहे गं," मी म्हटलं. तिच्या आईसमोरच म्हटलं.

मग आम्ही दोघी जेट्टीवर गेलो. भरती होत आली होती.

"पूर्ण भरती झाली की पाणी काय करतं?"

"घडीभर उभं ऱ्हातं. चढत नाय, उतरत नाय."

"मग त्या घडीला चढण्याचा वेग किती?"

"शून्य."

"आता तुझे d काप. पाण्याची उंची भागिले वेळ. शून्य येतं?"

तिने खाली पाण्याकडे बोट दाखवलं. "नाय येत. पानी तर केवढं हाय!" आणि मग एकदम हसली. "अगो बाय! म्हंजे मी सगळं पानीच मोजत बसले, चढनं मोजलंच नाय!"

इतक्या सोप्या शब्दांत मला ते आजवर मांडता आलं नव्हतं. मनापासून सांगते, त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला.

शनिवारी दुपारच्या टपालाने तिची चौथी पत्रिका आली. गणितं सगळी बरोबर. शेवटच्या रकान्यात पहिल्यांदाच शंका होती. 'बाई, मूल चुकलं तर त्याच्या वहीत काय लिहायचं, तेवढं सांगा.'

मी लाल पेन बाजूला ठेवलं, लेकीच्या दप्तरातली पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'काही लिहू नकोस. आधी त्याच्याजवळ जाऊन बस.'