मिनिस्त्रोची परीक्षा

सातुर्निनावन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. हट्टीपणात अख्ख्या माकुसानी गावात पहिल्या. व्यापारी कानीकपाळी ओरडतात की पांढरी लोकर आणा, तिच्यावर हवा तो रंग चढतो. ह्या पाळणार काळे अल्पाका! वर मलाच ऐकवणार, "देवानं रंगवून दिलेलं परत कशाला रंगवायचं गं?"

त्यांचा नर मिनिस्त्रो. काळाकुळकुळीत, लोकर अशी तलम की मुठीत धरली तरी हात रिकामाच वाटावा. पण जुलियाका शहरात ट्रक चालवणारा त्यांचा लेक विल्बेर बजावून गेला, "आई, दोन वर्षं देतो. ह्याच्या पिल्लानं जत्रेत बक्षिसाची फीत जिंकली तर ठीक, नाही तर हा खाटकाकडे." वन्संना बटाट्याचं सूपही गोड लागेना.

त्यांनी आपली सगळ्यात चांगली काळी मादी निवडली, मिनिस्त्रोला दाखवली. दोन आठवड्यांनी त्याला परत तिच्यापुढे उभं केलं. गाभण मादी नराला जवळ येऊ देत नाही, थुंकते. ही अशी थुंकली की निम्मं मिनिस्त्रोवर, निम्मं वन्संच्या टोपीवर.

"थुंकली गं बाई, थुंकली!" वन्सं नाचायलाच लागल्या. ती टोपी चार दिवस धुतली नाही.

मी मात्र मूग गिळून गप्प. मिनिस्त्रोला मादी दाखवली त्याच्या आदल्याच दिवशी माझा ओझी वाहणारा लामा, अल्पाकाचा थोराड भाऊबंद कोरोनेल, गडगा ओलांडून त्या मादीकडे जाऊन आला होता. मी डोळ्यांनी पाहिलं. पण सांगणार कोण? वन्संची जीभ म्हणजे विळा.

साडेअकरा महिन्यांनी पिल्लू झालं. काळंभोर, देखणं. पण कान! अल्पाकाचे कान सरळ असतात, ह्याचे केळ्यासारखे वळलेले. असे कान म्हणजे बाप लामा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"थंडीनं आखडलेत," वन्सं म्हणाल्या. "आमच्या ह्यांचेही असेच होते."

गेर्वासियोदाजी बिचारे देवाघरी गेले, पण त्यांचे कान चांगले होते हो!

जनावरांच्या कानात आम्ही लोकरीचे गोंडे बांधतो. वन्संनी इतके बांधले की जत्रेत पिल्लू नवरीसारखं दिसायला लागलं. परीक्षकानं लोकर फाकवून पाहिली, मान डोलावली. विल्बेरची छाती फुगली. तेवढ्यात पिल्लू शिंकलं. गोंडे खाली, कान वर!

"केळी घ्या केळी!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"बाई, हा अल्पाका नाही," परीक्षक म्हणाला.

"झालं," विल्बेर म्हणाला. "मिनिस्त्रो उद्या खाटकाकडे."

नवऱ्याच्या मातीलाही न रडलेल्या वन्सं, बाप म्हणून मिरवायला जत्रेत आणलेल्या मिनिस्त्रोच्या गळ्यात तोंड खुपसून हमसून रडायला लागल्या. मला बघवेना.

"थांब रे मुडद्या!" मी ओरडले. "पिल्लू मिनिस्त्रोचं नाहीच, माझ्या कोरोनेलचं आहे! मी पाहिलंय. मग मिनिस्त्रो नापास कसा? त्याची परीक्षाच झाली नाही!"

"बरोबर आहे बाईंचं," परीक्षक म्हणाला.

"बरं मामी," विल्बेर पुटपुटला, "आणखी दोन वर्षं."

वन्संनी नाक पुसलं, टोपी सरळ केली. मी डोळे मिटले.

"दीड वर्ष गप्प बसलीस?"

"हो वन्सं."

"नणंद होतेच, आता विहीणही झाले. मुलीकडची असले तरी मान माझाच. तुझ्या लेकानं उडी मारली तो गडगा तू उंच करायचास."

गडगा आता माझ्या खांद्याला लागतो. एकूण एक दगड मी वाहिलाय, आणि वन्सं मिनिस्त्रोला शेजारी घेऊन बसून, कुठला वाकडा लागला ते सांगत होत्या.