उर्मटपणाची नोकरी

पाटणकर बाजारात एक हॉटेल निघालंय. तिथे वेटर गिऱ्हाइकांचा मुद्दाम अपमान करतात आणि लोक त्यासाठी रांग लावतात. आमच्या ग्वाल्हेरात ही वस्तू विकत घ्यावी लागेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

परवा तिथे वाढायला आले ते मुरारच्या एका सरकारी कचेरीतले निवृत्त बाबू. दाखल्यांच्या खिडकीवर मी त्यांच्याकडे कित्येक खेपा घातल्या होत्या. तीच खाली घातलेली मान, तोच चष्म्यावरून टाकलेला कटाक्ष. शेजारच्या टेबलावर त्यांनी मेन्यू आपटला. "वाचता येतं ना? मग मला काय विचारता? लंच के बाद आना!" पोरांनी टाळ्या पिटल्या, व्हिडिओ काढले. बाबूंचा चेहरा मात्र पडला. खिडकीवर या वाक्याला कधी कुणी हसलं नव्हतं.

मग ते माझ्याकडे वळले आणि जुन्या सवयीनं मी उठून उभा राहिलो, हात जोडले. "साहेब, जरा बघता का? एक थाळी हवी होती."

बाबू खुलले. "अहो, बसा, बसा. गरम पोळ्या आणतो." आणि खरंच आणल्या, वर तूप सोडून.

गल्ल्यावरून मालक ओरडला, "अंकल, ये क्या कर रहे हो? तमीज से बात करनी है तो कल से मत आना!"

बोलण्यावरून मिळालेली, उभ्या आयुष्यातली ती त्यांची पहिली ताकीद असावी.