निशिगंधाचा दुसरा प्रश्न

निशिगंधाच्या पाठीमागे कापसाचा ढीग असे. आर्णीच्या घरात रेंज नीट मिळणारी ती एकच खोली, आणि चांगला भाव येईपर्यंत तिचे वडील मारोतराव कापूस भरून ठेवत तोही तिथेच. रोज सकाळी दहाला पुण्याच्या कंपनीची बैठक लॅपटॉपवर भरली, की बाकीचे आठ जण आपापल्या भिंतींसमोर दिसत आणि ही पांढऱ्या डोंगरासमोर. पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारलंही होतं, "हे बर्फाचं चित्र कुठून घेतलंस?"

घरून काम करायची परवानगी एका वर्षाची होती. ती या शुक्रवारी संपत होती. आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिचं काम अडलं.

बोरी अरबच्या बचत गटाने डाळमिल घातली होती. तूर भरडायला नंबर लावायचा तर बायांनी मोबाईलशी नुसतं बोलायचं, लिहायचं काही नाही. हा सगळा प्रोग्राम निशिगंधाचा. मोबाईल तीन गोष्टी विचारी: नाव काय, पतीचं नाव काय, तूर किती. एका गल्लीत तीन-तीन इंदूबाई निघतात, म्हणून तो दुसरा प्रश्न.

"एक्क्याऐंशी नोंदी, पूर्ण फक्त तेवीस," मंगळवारच्या बैठकीत अभिषेक म्हणाला. तो तिचा वरिष्ठ, शांत स्वभावाचा. "शुक्रवारी या कामाला पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं डाळमिलवर बघायला येणार. तोवर चाललं नाही, तर आवाजाची सोय काढून साधा फॉर्म देऊ. आणि मग तूही इकडेच ये, निशिगंधा. लांबून हे जमत नाही असं वरचे म्हणतील, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसेल."

तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दिवसभर ती दोष शोधत राहिली. माईक तपासला, पंख्याचा आवाज गाळून पाहिला, स्वतः पन्नासदा बोलून पाहिलं. दर वेळी नोंद बिनचूक. शेवटी, चाचणीसाठी बायांना विचारून साठवलेले आवाज ती एकेक ऐकायला बसली. पहिल्या प्रश्नाला खणखणीत उत्तर. दुसऱ्याला शांतता. कुठे बांगड्या वाजल्या, कुठे कुणी खुदकन हसलं. एका बाईने मोबाईल सरळ खाली ठेवला. आणि एकीने तर सूर लावला:

"तुरीच्या वरणाले लसणाची फोडणी, श्रीकृष्णरावांचं नाव घेतो, मोबाईलची मागणी!"

एवढं लांब नाव रकान्यात मावेना, म्हणून प्रोग्राम तिथेच बंद पडला होता.

निशिगंधा हसत सुटली. दारात विमलताई तूर निवडत बसल्या होत्या. "काय वं, एकटीच काहून हासून राह्यली?"

"आई, इकडे ये. यात बाबांचं नाव सांग."

"तूच सांग ना. तुले मालूम नाही का?"

"तू सांग."

"हट! असं यंत्रात कोणी सांगते का?" विमलताई लाजून पुन्हा सुपाकडे वळल्या.

निशिगंधाचं हसू थांबलं. पंचवीस वर्षं तिने आईच्या तोंडून 'हे' आणि 'निशीचे बाबा' एवढंच ऐकलं होतं. तरी प्रश्न लिहिताना तिने समोर ठेवला होता तो तहसीलचा छापील फॉर्म, आणि चाचणीला बसवल्या होत्या त्या पुण्याच्या मैत्रिणी, नवऱ्याला नावाने हाक मारणाऱ्या. चूक यंत्राची नव्हतीच.

मग दुसरं काय विचारायचं? ते खोलीत बसून सुचेना. बुधवारी सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून तिने एसटी पकडली आणि दारव्ह्यावरून बोरी अरब गाठलं.

डाळमिलवर बारा बाया होत्या. गटाच्या अध्यक्ष इंदूबाईंनी तिला तुरीच्या पोत्यावर बसवलं. "बस पोरी. तुह्या मोबाईलनं लय लाजवलं आमाले."

"चुकलंच माझं, मावशी," निशिगंधा म्हणाली, आणि मग फक्त ऐकत राहिली.

"ओ नेरवाली, चाळणी दे इकडं!"

"महागाववालीले विचार, तिच्यापाशी हाये."

"मावशी, महागाववाली कोण?"

"मीच की," इंदूबाई म्हणाल्या. "तीन इंदूबाया आहोत ना आमी. तं मी महागाववाली, ते दिग्रसवाली, अन् ते मागची पुसदवाली. मायेर कसं चुकंल?"

निशिगंधाने तिथेच लॅपटॉप उघडला आणि अभिषेकला फोन लावला. "दुसरा प्रश्न बदलतेय. पतीचं नाव नाही विचारायचं. माहेर विचारायचं."

"दोन दिवस आधी? तपासणार कोण?"

"लिहिलेलं तुम्ही तपासा. चालतं की नाही, ते तपासायला माझ्यासमोर बारा जणी आहेत."

"पाठव," तो म्हणाला.

दुपारपर्यंत बदल मोबाईलवर आला. सगळ्यांत आधी इंदूबाई बोलल्या. मोबाईलने विचारलं, "तुमचं माहेर कोणतं?" इंदूबाईंची मान ताठ झाली. "महागाव!" त्या अशा म्हणाल्या, की मिलच्या घरघरीतही ते शेवटच्या पोत्यापर्यंत पोचलं. मग एकीमागून एक सगळ्या आल्या. सर्वांत शेवटी रजनीबाई आल्या. परवा मोबाईल खाली ठेवला होता तो त्यांनीच; नवऱ्याला जाऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. "आर्णी," त्या म्हणाल्या, आणि नंबर लागल्याचा आवाज येईपर्यंत मोबाईल त्यांनी कानापासून काढला नाही.

बाराच्या बारा नोंदी पूर्ण.

शुक्रवारी संस्थेच्या माणसांना सगळं इंदूबाईंनीच दाखवलं. एक्क्याऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर नोंदी झाल्या. उरलेल्या तिघी लग्नाला गावी गेल्या होत्या.

सोमवारी दहाला बैठक भरली. "निशिगंधाची परवानगी वाढली," अभिषेक म्हणाला. "या वेळी शेवटची तारीख घातलेली नाही. आणि पुढचे प्रश्न लिहायच्या आधी मी आणि टीममधला आणखी एक जण तिकडे येतोय, पोत्यावर बसायला."

आठही जणांनी टाळ्या वाजवल्या. विमलताई कापसाच्या ढिगाआडून सगळं ऐकत होत्या. त्या पदर सावरत पुढे आल्या, लॅपटॉपच्या अगदी जवळ वाकल्या आणि कुणी न विचारता मोठ्याने म्हणाल्या, "विमल. मायेर दिग्रस."