नारळाच्या बुंध्यातली कुडी

मेटल डिटेक्टर घ्यायचं मी जाहीर केलं तेव्हा घरात कुणीच मला अडवलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. एरवी मी साधा पाना विकत आणला तरी आमच्याकडे चौकशी बसते.

कारण मात्र खरं होतं. बायकोच्या कानातली एक कुडी वाडीत हरवली होती. डहाणूजवळ मसोलीला घरामागे आमची थोडी जागा आहे, चार चिकू आणि नारळांची एक रांग. वाळलेल्या झावळ्या ओढताना तिचं कानातलं कशाला तरी अडकलं आणि कुडी गेली. कुडी तिच्या आईची. सासूबाई तलासरीकडे वेवजीला राहायच्या. शेतात असोत की लग्नात, त्यांच्या कानात त्याच, नुसत्या सोन्याच्या मण्यांच्या बारीक कुड्या. सासूबाई गेल्यापासून त्या हिच्या कानात होत्या. एक हरवल्यावर हिने दुसरीही काढून डबीत ठेवली आणि भोकं बुजू नयेत म्हणून कानांत कडुलिंबाच्या काड्या घातल्या. रडली नाही. पण रोज सकाळी झाडू घेऊन वाडीत जायची, झाडायची कमी आणि बघायची जास्त. मला ते बघवेना.

म्हणून मी मोबाइल उघडला. तलासरीच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. चुंबकाला टाचण्या चिकटवून दाखवलेला माणूस मी, मला मेटल डिटेक्टर निवडणं काय अवघड! आठ-दहा व्हिडिओ पाहिल्यावर मी जेवतानासुद्धा कॉइलच्या व्यासाबद्दल बोलू लागलो. एका व्हिडिओत एक गृहस्थ शेतात दोन अँटेना धरून उभे होते आणि जमिनीखाली हत्ती पुरला असेल तरी सापडेल अशी ग्वाही देत होते. त्या यंत्राच्या किमतीत मात्र नवीन कुड्यांनी सगळ्या नातेवाइकांचे कान भरले असते. दुसऱ्या टोकाला होतं ते मॉलच्या दारात रखवालदार आपल्या अंगावरून फिरवतो ते दांडकं. स्वस्त, आटोपशीर. मी ते जवळजवळ मागवलंच होतं. पण ते बोटभर अंतरापलीकडचं काही ओळखत नाही असं वाचलं. तेवढं तर बायकोचा झाडूही ओळखत होता.

शेवटी गुजरातेत वापीला गेलो. डहाणूकरांना स्वतःच्या जिल्ह्यात काही मिळालं नाही की वापी आठवते. दुकानदार गुजराती, माझ्याच वयाचा. त्याने एकच प्रश्न विचारला, "काका, दागीनो के खजानो?"

माझी आठवडाभराची तयारी वाया गेली. "दागिना," मी म्हणालो.

"तो सस्तुं चालशे," म्हणत त्याने एक यंत्र काढलं. हलकं, साध्या सेलवर चालणारं, टोकाला गोल तबकडी आणि मुठीपाशी एक खुंटी. खुंटी फिरवली की लोखंडाचा आवाज बंद होतो, म्हणजे खिळेमोळे उकरत बसावं लागत नाही. पण फार फिरवू नका, बारीक सोन्याचा आवाजही त्यातच जातो, असं तो हिंदीत सांगत होता. मी मान डोलवत होतो. माझं लक्ष तबकडीकडे होतं. निघताना तो म्हणाला, "पहेलां घरनुं सोनुं दाटीने जोजो." आधी घरचं सोनं पुरून बघा, हात बसेल.

हे मात्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं. प्रयोग म्हटला की मी हातचं काही राखत नाही. माझी अंगठी बोटातून निघेना, बोट जाड झालंय. मग मी बायकोकडे डबीतली कुडी मागितली.

"अहो, आहे ती एकच आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच तर! जे शोधायचंय अगदी तसंच. याहून चांगला नमुना मिळणार नाही."

मग डबी आणून तिने माझ्या हातावर ठेवली. तिने त्या वेळी मला दोन शब्द सुनावले असते तर फार बरं झालं असतं.

कुडी जिथे हरवली तिथल्याच नारळाच्या बुंध्याशी मी दुसरी पुरली. खूण म्हणून काठी रोवावी असं व्हिडिओत सांगितलं होतं. पण खूण करणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं, असं माझ्यातल्या मास्तराला वाटलं. मी मुद्दाम तोंड फिरवून माती सारखी केली, वर पाचोळा पसरला, झाडाभोवती चकरा मारल्या. मग हेडफोन लावले आणि यंत्र सुरू केलं.

ते किंचाळलं. मी हर्षाने खाली वाकलो. मग ते शेजारी किंचाळलं, त्याच्या पलीकडे किंचाळलं, बुंध्याभोवती कुठेही नेलं तरी किंचाळायचं थांबेना. मी खुंटी पार टोकापर्यंत फिरवली. आता सगळीकडे शांत. सोन्यासकट शांत. तेव्हा दुकानदाराचं ते हिंदी वाक्य मला पहिल्यांदा पूर्ण ऐकू आलं.

आणि मग लोखंड आलं कुठून तेही आठवलं. आमच्याकडे नारळ धरत नसेल तर बुंध्यात मीठ आणि गंजकं लोखंड पुरतात. माझ्या वडिलांनी पुरलं, मीही पुरत आलो. तुटके कोयते, बिजागऱ्या, सायकलची चेन, काही म्हणून फेकून दिलं नाही. त्यातही माझा खास शोध असा, की मोडीत निघालेल्या होड्यांचे खिळे समुद्रकाठच्या कोळ्यांकडून आणायचे. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेले, मीठ आणि लोखंड दोन्ही एकातच! हा शोध मी गल्लीभर मिरवला होता. ते खिळे बाकी कुठल्याही झाडापेक्षा याच झाडाला मी जास्त घातले होते, कारण हेच फार आळशी होतं.

मी खोदायला लागलो. खिळे निघत गेले, बाजूला ढीग झाला, माती विसकटली आणि कुडी कुठे पुरली होती तेही आता मला सांगता येईना. सासूबाईंची उरलेली एकुलती एक वस्तू मी शास्त्राच्या नावाखाली मातीत घातली होती, आणि तीही बायकोने विश्वासाने हातावर ठेवलेली. मला माझी लाज वाटली. सरळ सांगतो, भीतीही वाटली.

बायको मागच्या दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. काय झालंय ते खिळ्यांच्या ढिगावरून तिला कळलंच. ती आत गेली. मला वाटलं, आता आतून दार लावून घेणार. ती तांदळाची चाळण घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर मातीत बसली आणि म्हणाली, "ओंजळीने घाला. फावडं नको."

मी माती घालत होतो, ती चाळत होती. मग मान वर न करता ती म्हणाली, "आईला अंघोळ घातली ना, तेव्हा कुड्या मी काढल्या. फिरक्या फिरेचनात. तिने त्या कधी काढल्याच नव्हत्या. बाहेर सगळे खोळंबलेले, काका हाका मारत होते, लवकर करा, लवकर करा. मी दात लावून फिरकी काढली. कान गार होता."

इतक्या वर्षांत हे ती मला कधी बोलली नव्हती. मी विचारलंही नव्हतं.

"तशाच राहू द्यायला हव्या होत्या," ती म्हणाली. "पडली त्या दिवसापासून तेच मनात येतंय."

मी ओंजळ भरली, चाळणीत रिकामी केली. ती हलवता हलवता थांबली. दोन बोटांनी तिने काहीतरी उचललं, पदराने पुसलं. कुडी. फिरकीही तिला तशीच लागलेली होती.

मी आनंदाने ओरडलो आणि लगेच यंत्राकडे हात नेला. आता याची पद्धत कळली, आधी सगळं लोखंड काढून टाकू, मग आधी हरवलेलीही सापडेल, असं बरंच काही बोलून गेलो. ती तोवर कानातली काडी काढून कुडी घालत होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "एक आईने परत नेली. एक मला ठेवली. आता तुम्ही आमच्या मध्ये मशीन आणू नका."