बेंजामिनकाकांचा शनिवार

बेंजामिनकाका रोह्याच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या एका साहेबानं नोकरी सोडताना आपल्या गोल्फच्या काठ्या त्यांना दिल्या. तेव्हापासून भात कापून झालं की काका रोह्याला लागून असलेल्या आमच्या अष्टमी गावच्या मोकळ्या शेतात चेंडू मारत. इथं उरलेल्या मोजक्या ज्यू घरांपैकी एक त्यांचं.

त्यांची मुलगी दीना स्कॉटलंडला असते. तिथं समुद्राकाठी गोल्फचं एक जगप्रसिद्ध मैदान आहे. मोठ्या स्पर्धा तिथं होतात, पण सोडतीत नाव निघालं तर साधा माणूसही खेळू शकतो. गेल्या वर्षी काका लेकीकडे गेले आणि त्यांचं नाव निघालं. वार आला शनिवार.

शनिवार म्हणजे शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. काकांनी नकार कळवला. रविवारी खेळता येईल, असं त्यांनी कुणाला न विचारताच धरलं. रविवारी गेले तर मैदान तिथल्या जुन्या रिवाजानं खेळासाठी बंद होतं. लोक कुत्री फिरवत होते. सोमवारी त्यांचं विमान होतं.

गावी परतल्यावर काकांनी हे मला सांगितलं, तेव्हा मी विचारलं,

“पण काका, कारखान्यात तुम्ही जन्मभर शनिवारी शिफ्ट केलीत ना?”

“केली की. ती पोटासाठी गो. रिटायर झालो तेव्हा ठरवलं, आता एकपण शनिवार मोडायचा नाय. खेळासाठी तर नायच.”

“मग रविवारी?”

“सगळं मैदान चालून आलो, रिकाम्या हातानं. प्रत्येक खड्ड्यापाशी वाटत होतं, काल खेळलो असतो तर देवानं काय केलं असतं?”

मग ते म्हणाले, “दीनाला सांगू नको हां. तिला वाटतंय, बाप खूश होऊन गेला.”