नम्रताचं हिरवं वर्तुळ

आमच्या दाराला बेल आहे, पण शर्मिलाताई ती कधी वाजवत नाहीत. जाळीच्या दारावर किल्लीनं दोनदा टकटक करतात, आत कुणी तान्हं झोपलेलं असावं इतकी हळू. शुक्रवारी सकाळी कुकरची तिसरी शिट्टी होत होती, मुक्ताईच्या वेणीचे पेड माझ्या हातात होते, आणि टकटक झाली.

"बेल आपण फक्त कुरिअरवाल्यांसाठी बसवलीये," पेपरातून डोकं न काढता माझा नवरा सलिल म्हणाला.

शर्मिलाताई समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. महापालिकेच्या शाळेत पहिलीच्या बाई. सत्तावीस वर्षं पहिलीच. शाळा दुपारची, त्यामुळे एरवी या वेळी त्या गाउनवर ओढणी टाकून झाडांना पाणी घालत असतात. आज शाळेची साडी नेसूनच आल्या होत्या, आणि खांद्याला टॅबची निळी पिशवी.

पिशवी बघून माझी सात वर्षांची लेक अर्ध्या वेणीनिशी उठली. "मावशी, आज कुणाच्या नावानं वाचायचं?"

ताई उंबऱ्यातच थांबल्या. सलिलनं पेपर खाली केला.

"तू आधी वेणी घालून घे," मी म्हटलं, गरजेपेक्षा जरा जोरातच.

याचं काय ते आधी सांगायला हवं. दिवाळीनंतर एका संस्थेनं त्यांच्या शाळेला टॅब दिले. त्यात वाचनाच्या स्वाध्यायपुस्तिका होत्या. शब्दाला बोट लावलं की शब्द बोलतो, चित्र ओढून त्याच्या नावावर ठेवायचं, आणि शेवटची ओळ मुलानं स्वतःच्या आवाजात वाचून ठेवायची. पुस्तिका संपली की नावापुढचं लाल वर्तुळ हिरवं होतं. वाईट काहीच नव्हतं त्यात. मुलं सुटी झाली तरी टॅब सोडत नसत.

त्याआधी ताईंची रीत वेगळी होती. रोज प्रत्येकानं घरून एक शब्द आणायचा, तोंडात धरून. रिक्षावाल्याची पोर 'स्टेपनी' आणायची, कुणी 'खलबत्ता'. ताई तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून पिशवीत टाकत, आणि घरी जायच्या आधी ज्याचा शब्द त्यानं हुडकून काढायचा. टॅब आले आणि ती पिशवी कपाटावर गेली. दोन्हीला वेळ कुठला!

जानेवारीत शाळेतलं नेट आठवडाभर बंद पडलं. मुलांनी केलेली पानं नोंदलीच गेली नाहीत, आणि ताईंचा सगळा वर्ग लाल दिसायला लागला. मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय बाई, टॅब देव्हाऱ्यात ठेवलेत का?" ताई टॅबची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. मुलांनी खरोखर केलेलीच पानं पुन्हा भरायची होती. मी म्हटलं, "तुम्ही चहा घ्या निवांत, मी दाबते." आवाजाची ओळ आली तेव्हा मुक्ताईनं हौसेनं वाचून दिली.

पुढच्या आठवड्यात नेट सुरू झालं. तरी पिशवी आलीच. मागे पडलेल्या एखाद्याचं न केलेलं एक पान. मग चार. वर्गातली सगळी नावं हिरवी झाली त्या दिवशी मी शिरा केला होता.

आज ताई सोफ्याच्या कडेवर टेकल्या. चहा नको म्हणाल्या.

"काल पाहुणे आले होते संस्थेचे. यादी बघून म्हणाले, या नम्रताला बोलवा, हिचं सगळं हिरवं आहे. त्यांनी तिला छापील कागद दिला. तीन ओळी. तिनं पहिल्या शब्दाला बोट लावलं आणि थांबली."

"मग?"

"मग परत लावलं, जरा दाबून. कागद बोलेल म्हणून वाट बघत होती गं, पूर्वा."

नम्रताचं शेवटचं पान मी दाबलं होतं. माझ्या मावसबहिणीचंही हेच नाव, म्हणून लक्षात राहिलं.

"पाहुणे म्हणाले, लाजतेय का? आणि मी म्हटलं, हो, फार लाजाळू आहे. वर्गातली सगळ्यात बडबडी पोर आहे ती! माझ्याकडे नुसती बघत राहिली. वर त्यांनी तिला प्रशस्तिपत्र दिलं. ते घेऊन ती माझ्याकडेच आली. 'बाई, यावर काय लिहिलंय?'"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"जे लिहिलं होतं ते. उत्तम वाचक."

सलिल उठला आणि न सांगता जाऊन गॅस बंद करून आला.

ताईंचे वडील, बाबुराव, कारखान्यात होते; ताई त्यांना दादा म्हणत. सही यायची, वाचता येत नसे. स्वारगेटला उभे राहिले की शेजारच्याला म्हणायचे, "चष्मा विसरलो, जरा पाटी सांगता का?" चष्मा त्यांना नव्हताच. पहिलीत असताना ताईंनी त्यांना बसची पाटी वाचून दाखवली, हडपसर, आणि त्यानंतर त्यांनी चष्म्याचं नाव काढलं नाही. ही गोष्ट ताईंनी मला किती वेळा, किती अभिमानानं सांगितलीये. आज म्हणाल्या, "आमचे दादा स्वतःपुरतं खोटं बोलायचे. मी त्या पोरीच्या नावावर बोलले."

"शिकेल हो ती, ताई. अजून दोन महिने आहेत." मला माझंच बोलणं पोकळ वाटलं.

"कशी शिकेल? सोमवारपासून वाचनाचा जादा वर्ग आहे, लाल वर्तुळं असलेल्या मुलांसाठी. त्याची यादी आज दुपारी आपोआप निघते. माझ्या वर्गातलं एकही नाव नसेल त्यात. पाहुणे गेल्यावर मी प्रत्येकाला कागद देऊन बघितला. नऊ जणांना येत नाही."

"मुख्याध्यापक काय म्हणतील?"

"म्हणू दे. यादीच्या आधी मीच सांगणार आहे त्यांना. तुझं नाव घेणार नाही."

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात लागलं, कारण ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं होतं.

मुक्ताई रिबीन हातात घेऊन उभी होती. "म्हणजे मी वाचलं ते नम्रताला येत नाही?"

मग मीच म्हटलं, "नाही येत. चूक आमची आहे. तिची नाही, तुझीही नाही. माझंही नाव सांगा, ताई."

त्यांनी मान डोलावली. पिशवीतून टॅब काढला, नम्रताचं पान उघडलं आणि तो आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला. मी सवयीनं हात पुढे केला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला.

"हे परत लाल कसं करायचं, तेवढं मला शिकव. तू दाबू नकोस. मी दाबते."