बाबांना दिलेली रिकामी डिस्क

मंडळी, फोनवरून लिहितेय, कारण माझा कॉम्प्युटर दुपारपासून मेलाय. उद्या सकाळी प्रोजेक्ट दाखवायचाय आणि तो सगळा त्यातच अडकलाय. अक्षरशः रडू येतंय.

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन सिस्टिम आहेत, दोन्ही मोठ्या डिस्कवर. आतलीच दुसरी जुनी छोटी डिस्क रिकामीच दिसत होती. बाबांचा खडकीच्या घरचा कॉम्प्युटर फार रखडतो, म्हणून आज सकाळी ते माझ्या घरी, मांजरी गावात आले तेव्हा ती काढून त्यांना दिली. ते म्हणाले, "चालतंय ना तुझं सगळं? मग हात कशाला लावतेस?" मी हसले.

ते गेले आणि मी बटण दाबलं. काळा स्क्रीन. सुरू करण्यासारखं काही सापडत नाही म्हणे! केबल काढून परत लावल्या, सगळी सेटिंग्ज उलटसुलट करून पाहिली, देवाला हात जोडले. ढिम्म.

आत्ता बाबांचा फोन आला. "अगं, तुझी डिस्क बसवली. विंडोज हवं की लिनक्स, असं विचारतंय. शेजारचा नीलेश म्हणतोय फॉरमॅट मारू, सगळं पुसून टाकू. मारू दे का?"

हा प्रश्न रोज माझा कॉम्प्युटर मला विचारायचा! म्हणजे त्याला सुरू करणारा भाग त्या 'रिकाम्या' डिस्कवर होता.

मी किंचाळले, "बाबा, कशालाही हात लावू नका!"

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "सकाळी मी हेच म्हणत होतो."

गाडी काढतेय. पण सांगा, घरात शिरू कुठल्या तोंडानं?